फ्रेंच क्रियापदाचे ठोके कसे मोजायचे

बिस्किटाच्या पुड्यावर 'पार्ले' हे नाव इंग्रजी अक्षरांत कसं लिहिलेलं असतं ते आठवा: पी, ए, आर, एल, ई. हीच पाच अक्षरं याच क्रमाने फ्रेंच पुस्तकात आली, तर ते 'बोलणे' या क्रियापदाचं वर्तमानकाळाचं रूप असतं आणि फ्रेंच माणूस ते 'पार्ल्' असं वाचतो. एकच ठोका, शेवटी जीभ ल् वर टेकली की संपलं. आपण म्हणतो तो 'पार्ले' उच्चारही फ्रेंचमध्ये आहे, पण तो दुसऱ्या रूपांचा. मूळ धातुरूप (शेवटी ई-आर), 'तुम्ही बोलता' (शेवटी ई-झेड) आणि 'बोललेलं' (शेवटच्या ई वर तिरकी रेघ) ही तिन्ही रूपं कानाला सारखीच: पार्-ले. दोन ठोके.

लिहिलेलं आणि ऐकू येणारं यांच्यातली ही फारकत नवशिक्याला सगळ्यात जास्त छळते. मी फ्रेंच शिकत होते तेव्हा क्रियापदांचे तक्ते मला तोंडपाठ होते. पहिल्या तोंडी परीक्षेत 'ते बोलतात' म्हणायचं होतं. शेवटी ई-एन-टी दिसतंय म्हणून मी ठणठणीत आवाजात 'इल् पार्लाँ' म्हणाले. परीक्षक बाई क्षणभर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, 'इल् पार्ल्'. तक्ता बरोबर होता, तो मी डोळ्यांनी पाठ केला होता एवढंच. आता शिकवताना पहिल्या आठवड्यापासून मी क्रियापदं कानाने तोडायला लावते. ती पद्धत इथे पायरीपायरीने लिहिते आहे.

आधी वहीची सोय

वहीच्या पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फ्रेंच स्पेलिंग, उजवीकडे देवनागरीत उच्चार, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये छोटी आडवी रेघ. काही शिक्षकांना देवनागरीत उच्चार लिहिलेला खपत नाही. मला मात्र देवनागरी या कामाला फार उपयोगी वाटते, कारण आपल्याकडे पाय मोडायची सोय आहे. 'पार्ल्' मधला मोडका ल् बघितला की पुढे स्वर नाही हे डोळ्यालाच कळतं.

फक्त काही खुणा आधी ठरवून घ्या. चंद्रबिंदू म्हणजे नाकातला स्वर: आँ, ओँ, अँ. मराठीत 'अंत' म्हणताना आपण खरं तर 'अन्त' म्हणतो, जीभ न् ला लागते. फ्रेंच आँ मध्ये जीभ कुठेच लागायची नाही. कोकणी किंवा मालवणी घरातल्या मुलांना हे बहुधा पहिल्याच दिवशी जमतं, कारण त्यांच्या बोलण्यात असे स्वर आहेतच. ज़ म्हणजे 'गझल' म्हणताना येतो तो आवाज. झ हे अक्षर मी वेगळ्या आवाजासाठी राखून ठेवते: लांब 'श्श्श' म्हणत राहा आणि मध्येच गळ्यातून आवाज सुरू करा, जो येईल तो. ॅ ची खूण उघड्या ए साठी, पण 'बॅट' म्हणताना उघडतो तितकं तोंड उघडायचं नाही.

खाली मी अक्षरांची नावं इंग्रजीच घेते आहे, कारण आपल्या तोंडी तीच बसलेली आहेत.

पहिली पायरी: हनुवटीखाली हात

तळहात आडवा करून हनुवटीखाली धरा आणि शब्द म्हणा. जितक्या वेळा हनुवटी हाताला टेकेल तितके ठोके. एक स्वर म्हणजे एक ठोका, व्यंजनं कितीही असोत. 'पार्ल्' एकदा. 'पार्-लोँ' (आम्ही बोलतो) दोनदा. मनात अक्षरं मोजत बसलात तर चुकाल, म्हणून हात हवाच.

आता वर्तमानकाळाची सहाही रूपं म्हणून बघा. मी, तू, तो-ती, ते-त्या या चारही रूपांचा उच्चार 'पार्ल्'. लिहिताना शेवटी अनुक्रमे ई, ई-एस, ई, ई-एन-टी येतं, पण ही सगळी शेपटं मुकी आहेत. 'आम्ही'चं पार्-लोँ आणि 'तुम्ही'चं पार्-ले एवढी दोनच वेगळी. म्हणजे डोळ्याला पाच रूपं, कानाला तीन. शिवाय रोजच्या बोलण्यात फ्रेंच लोक 'आम्ही'साठी बहुतेकदा 'ओँ' हे सर्वनाम वापरतात आणि त्याच्यापुढेही 'पार्ल्' च येतं. शेवटी ई-आर असलेली क्रियापदं फ्रेंचमध्ये सगळ्यात जास्त आहेत, तेव्हा एवढं बसलं की मोठा डोंगर उतरलात.

भूतकाळातलं 'बोलत होतो' हे रूप तर आणखी विलक्षण. 'ते बोलत होते' लिहिताना शेवटी ए-आय-ई-एन-टी अशी पाच अक्षरं येतात. ऐकू येतो एकच स्वर: पार्-लॅ. मी, तू, तो यांचंही पार्-लॅ च.

मुकं ई-एन-टी फक्त क्रियापदाच्या 'ते'च्या रूपात, हे लक्षात ठेवा. इतरत्र तेच शेपूट नाकात वाजतं. 'राष्ट्राध्यक्ष' या अर्थाचा शब्द आणि 'ते अध्यक्षपद भूषवतात' हे क्रियापद, दोन्ही अक्षरशः सारखी दिसतात, नामातल्या पहिल्या ई वर तिरकी रेघ असते तशी क्रियापदातही असते, म्हणजे तिचाही उपयोग नाही. नाम: प्रे-ज़ि-दाँ. क्रियापद: प्रे-ज़िद्. फ्रेंच मुलांनाही शाळेत मठातल्या उबवणाऱ्या कोंबड्यांचं एक वाक्य याचसाठी देतात: मठ म्हणजे 'कु-वाँ', उबवतात म्हणजे 'कुव्', आणि लिहायला दोन्ही एकच.

आणि 'तो येतो' (व्यँ) किंवा 'तो हुंगतो' (साँ) अशा एकवचनी रूपांतही शेवटी ई-एन-टी दिसतं. तिथे ते मुकं नाही, कारण ते 'ते'चं शेपूटच नव्हे. धातूचा स्वर आणि व्यंजन तिथे आहेत.

दुसरी पायरी: व्यंजन कुणाच्या वाट्याला

दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या ठोक्याला जातं. दॉ-नोँ (आम्ही देतो), फि-नि (संपवतो). लिहिताना तिथे दोन एन असले तरी तोंडात एकच. मराठीत 'पक्का' म्हणताना आपण क् वर थबकतो, तसं इथे थबकायचं नाही. मराठी माणूस 'दॉन्-नोँ' म्हणतो तो या सवयीमुळेच.

दोन व्यंजनं असतील तर मधून तोडा: पार्-लोँ, रॅस्-तोँ (आम्ही राहतो). पण दुसरं व्यंजन र किंवा ल असेल आणि पहिलं प, ब, त, द, क, ग, फ, व यांपैकी असेल तर जोडी फुटत नाही, अख्खी पुढे जाते: आँ-त्रे (आत या), मोँ-त्रोँ (आम्ही दाखवतो), उ-ब्लि (विसरतो). 'पुत्र' आपण 'पुत्-त्र' म्हणतो, त् दोन्हीकडे वाटून. फ्रेंचमध्ये पहिला ठोका मोकळा ठेवायचा, तोंड स्वरावर उघडं राहिलं पाहिजे.

तिसरी पायरी: अनेकवचन ऐकायचं कसं

ई-आर वाल्या क्रियापदांत 'तो' आणि 'ते' सारखेच वाजतात. बाकीच्या बहुतेकांत मात्र फरक स्पष्ट ऐकू येतो आणि तो उलटा आहे: 'तो'च्या रूपात शेवटचं व्यंजन गळतं, 'ते'च्या रूपात परत येतं. या जोड्या मोठ्याने म्हणा.

फि-नि, फि-निस् (संपवतो, संपवतात).
दॉर्, दॉर्म् (झोपतो, झोपतात).
सॅ, साव् (त्याला माहीत आहे, त्यांना माहीत आहे).
द्वा, द्वाव् (त्याला करायलाच हवं, त्यांना करायलाच हवं).
वाँ, वाँद् (विकतो, विकतात).
व्यँ, व्यॅन् (येतो, येतात).
प्राँ, प्रॅन् (घेतो, घेतात).

शेवटच्या दोन जोड्या पुन्हा म्हणून बघा. व्यंजन परत आलं आणि स्वर नाकातून तोंडात आला. न् चा स्वतंत्र उच्चार झाला की आधीचा स्वर इथे नाकात राहत नाही. म्हणून 'प्राँन्' कधीच नाही. जोडीतला दुसरा शब्द म्हणताना शेवटचं व्यंजन पूर्ण सोडा, ते पुढच्याला ऐकू गेलं पाहिजे. मराठीत 'घर' म्हणताना आपण र् अर्धाच म्हणतो तरी भागतं. इथे त्या व्यंजनावरच एकवचन-अनेकवचन ठरतं.

चौथी पायरी: 'उचल' आणि 'उचलून'

ही पायरी मला सगळ्यात आवडते. फ्रेंच पुस्तकांत हा भाग अपवादांच्या यादीसारखा येतो आणि मुलं घाबरतात. मराठी माणसाला घाबरायचं काहीच कारण नाही, कारण हेच आपण दिवसभर करत असतो.

'उचल' म्हणा. उ-चल्. आता 'उचलून' म्हणा. उच्-लून. च मधला अ कुठे गेला? पुढे 'ऊन' आल्यावर तो गळला. आता 'उचलतो' म्हणा. उ-चल्-तो. अ परत आला. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. लिहिताना च पूर्णच लिहितो आणि बोलताना जिभेला बरोबर कळतं.

आता 'हाक मारणे, बोलावणे' या अर्थाचं फ्रेंच क्रियापद घ्या. 'मी हाक मारतो': आ-पॅल्. 'आम्ही हाक मारतो': आ-प्लोँ. भविष्यकाळ, 'मी हाक मारीन': आ-पॅल्-रे. उ-चल्, उच्-लून, उ-चल्-तो. सांगाडा तोच. शेवटी व्यंजन येऊन ठोका बंद होत असेल तर मधला स्वर उभा राहतो, पुढे नवा स्वर आला की तो स्वर दुबळा होऊन गळतो.

फरक एवढाच की मराठीत परत येणारा स्वर साधा अ असतो आणि फ्रेंचमध्ये तो उघडा ॅ होऊन येतो. तो उघडा झालाय हे दाखवायला फ्रेंच स्पेलिंग दोनपैकी एक युक्ती करतं. एक तर व्यंजन दुप्पट लिहितं, जसं आ-पॅल् मध्ये दोन एल. नाहीतर ई वर उलटी तिरकी रेघ देतं, जसं 'विकत घेणे'च्या आ-शॅत् मध्ये. त्याचं 'आम्ही'चं रूप आश्-तोँ, तिथे रेघही नाही आणि स्वरही नाही. १९९० साली फ्रेंच शुद्धलेखनात ज्या दुरुस्त्या सुचवल्या गेल्या त्यांत अशा बहुतेक क्रियापदांना रेघेचीच पद्धत लावली. 'हाक मारणे' आणि 'फेकणे' ही दोन क्रियापदं आणि त्यांची पिल्लं मात्र दुप्पट व्यंजनावरच राहिली. उच्चार कुठेच बदलला नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीने वहीत 'आ-पॅल् / आ-प्लोँ' च्या शेजारी पेन्सिलीने 'समज / समजून' लिहून ठेवलं होतं, मग खाली 'बदक / बदकं', आणि दोन्ही रकान्यांत ठोक्यांच्या रेघा. त्यानंतर त्या गटातल्या क्रियापदांत ती चुकलेली मला आठवत नाही.

पाचवी पायरी: मुका ई कधी बोलतो

भविष्यकाळात धातू आणि शेपूट यांच्यामध्ये एक ई येतो. 'मी देईन' म्हणजे दॉन्-रे. तिथे ई लिहिलाय, पण म्हणत नाही, दोनच ठोके. 'मी बोलेन' मात्र पार्-ल-रे, तीन ठोके. इथे तोच ई हलक्या अ सारखा ऐकू येतो. का? तो काढून टाकला तर र्, ल्, र् अशी तीन व्यंजनं एकमेकांना भिडतात आणि जिभेला जागाच उरत नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मॉरिस ग्रामाँ यांनी याला तीन व्यंजनांचा नियम म्हटलं: ई गाळल्यावर तीन व्यंजनं एकत्र येणार असतील तर ई राहतो. नियम शंभर टक्के पाळला जात नाही, पण नवशिक्याला तो भरवशाचा आहे. 'आम्ही घेतो' हे प्र-नोँ असं दोन ठोक्यांत येतं तेही त्यामुळेच. प्, र्, न् एकत्र आले असते.

संकेतार्थात, म्हणजे 'दिलं असतं, देईन म्हणतो' अशा अर्थी, एक बारीक गोष्ट घडते. 'तुम्ही द्याल' हे दॉन्-रे. 'तुम्ही द्याल का जरा' या सुरातलं रूप दॉ-न-र्ये. पुढे 'र्य' असा जड जोड आला की ई गळत नाही. चांगलं फ्रेंच बोलणारेही हे कधी नियम म्हणून सांगत नाहीत, पण ऐका, ते तसंच म्हणतात.

'आम्ही बोलत होतो' हे पार्-ल्योँ. दोन ठोके, आय हे अक्षर य् होऊन व्यंजनाला चिकटतं. पण आधीच जोडाक्षर असेल, त्र किंवा ब्ल सारखं, तर आय स्वर म्हणून उभा राहतो आणि ठोका वाढतो: मोँ-त्रि-योँ (आम्ही दाखवत होतो). हॉटेलात पहिल्या दिवशी लागणारं 'मला हवं होतं' हे वु-द्रॅ, आणि समोरच्याला 'आपल्याला काय हवं' असं विचारताना वु-द्रि-ये. तीन ठोके. 'वु-द्र्ये' म्हणायला जाल तर जीभ अडखळेलच.

दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेय किंवा तुलूझच्या बाजूला, लोक मुका ई बराचसा म्हणतात: 'पार्-ल'. गाण्यांत आणि जुन्या छंदोबद्ध कवितेतही तो मोजतात. गाणं ऐकून क्रियापद शिकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, गाण्यातले ठोके बोलण्यातल्यापेक्षा जास्त भरतात.

सहावी पायरी: शब्दांच्या मधल्या भिंती

आतापर्यंत क्रियापद एकटं घेतलं. बोलताना ते एकटं येत नाही. फ्रेंचमध्ये ठोके शब्दाच्या सीमेवर थांबत नाहीत, वाक्यखंडभर वाहत जातात.

'तो प्रेम करतो': इ-लॅम्. 'ते प्रेम करतात': इल्-ज़ॅम्. लिहिलेली सर्वनामं आणि क्रियापदं वेगळी, तरी कानाला फरक एका ज़ चा. पहिल्यात सर्वनामाचा ल् पुढच्या स्वराकडे सरकला. दुसऱ्यात सर्वनामाचा मुका एस जागा होऊन ज़ झाला. म्हणून 'त्यांच्याकडे आहे' हे इल्-ज़ोँ आणि 'ते आहेत' हे इल्-सोँ. ज़ च्या जागी स् म्हटलात तर अर्थच बदलला. याच्या पन्नास फेऱ्या करा, कमी पडणार नाहीत. नु-ज़ा-वोँ (आमच्याकडे आहे), वु-ज़ा-वे (तुमच्याकडे आहे), वु-ज़ॅत् (तुम्ही आहात) हेही त्याच सुरात.

प्रश्न विचारताना क्रियापद आधी आणि सर्वनाम नंतर येतं तेव्हा 'ते बोलतात का?' हे सावकाश म्हटलं तर पार्-ल-तिल्. इतका वेळ मेलेला ई-एन-टी मधला टी इथे जिवंत होतो. 'तो बोलतो का?' मध्ये तर टी नव्हताच, तरी फ्रेंच लोक मध्ये एक टी घालतात आणि दोन्ही प्रश्न सारखे वाजतात. 'तो घेतो का?' मध्ये शेवटी डी लिहिलाय, पण म्हणताना प्राँ-तिल्, त् च.

उलट, गडबडीत बोलताना 'मी'चं सर्वनाम आपला स्वर टाकतं. 'झ पार्ल्' चं 'श्पार्ल्' होतं, कारण पुढच्या प मुळे झ चा आवाज बसतो आणि श उरतो. हे ऐकून ओळखता आलं पाहिजे. स्वतः मात्र पहिले काही महिने 'झ पार्ल्' असंच नीट म्हणा.

जाता जाता मराठी तोंडाची एक जमेची बाजू. फ्रेंच टी आणि डी दातांवरचे आहेत, आपले त आणि द. इंग्रजीच्या सवयीने ट, ड म्हणू नका. प, त, क म्हणताना इंग्रजांसारखी हवाही सोडायची नसते, आपले प-त-क जसेच्या तसे चालतात. व म्हणताना मात्र वरचे दात खालच्या ओठावर नीट टेकवा, नाहीतर 'साव्' आणि 'द्वाव्' चं शेवटचं व्यंजन हवेत विरतं आणि अनेकवचन ऐकूच जात नाही.

रोजची वीस मिनिटं

एक क्रियापद घ्या, रोज एकच. आधी कुणाचा तरी उच्चार ऐका. फ्रेंच नभोवाणी आरएफआयच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या लिखित मजकुरासह मिळतात, त्या उत्तम. मजकूर झाका, दोन वाक्यं ऐका, उजव्या रकान्यात ठोके लिहा. मग मजकूर उघडून डावा रकाना भरा. क्रम उलटा करू नका. आधी स्पेलिंग बघितलं की डोळा कानाला बोलू देत नाही.

सुरुवातीला हे वाक्य घ्या: 'तो पॅरिसला राहतो.' इ-ला-बि-ता-पा-री. सहा ठोके, शब्द चार, आणि राहण्याच्या क्रियापदातला एच मुका. त्याचं अनेकवचन करा: इल्-ज़ा-बि-ता-पा-री. मग पॅरिस काढून स्वतःचं गाव घाला, सातारा, म्हापसा, नागपूर, जे असेल ते. हनुवटीखाली हात ठेवून दहा वेळा म्हणा.